उतरलेले वजन आणि पुढील वर्षे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दुपारच्या सत्रात दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला भाषणाची वेळ दिली ती नेमकी भोजनोत्तर. आत्ताच आपण सर्वजण मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा यांचा समाचार घेऊन येथे स्थानापन्न झालो आहोत, आणि अशा वेळी वजनाविषयी बोलणाऱ्या माणसाकडे श्रोते कोणत्या दृष्टीने पाहतात ते मला व्यासपीठावरून स्पष्ट दिसत आहे. तथापि हा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर जी शस्त्रक्रिया करतात, तिची विचारणा गेल्या तीन वर्षांत आपल्या ज्ञातीतील निदान पाच कुटुंबांनी माझ्याकडे केली. आणि ती प्रत्येकाने गुपचूप केली. कोणी तिन्हीसांजेला घरी येऊन, कोणी लग्नमंडपात एका बाजूस घेऊन. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, की शस्त्रक्रियेने वजन उतरते काय? उतरते, हे उत्तर मी दिले. परंतु उतरलेल्या वजनाचे तिसऱ्या, पाचव्या, आठव्या वर्षी काय होते, हे एकानेही विचारले नाही. आज मी न विचारलेल्या त्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

प्रारंभीच सांगणे अवश्य आहे की मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन, अध्यापनाची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांत ३९ वर्षे मुलांना शिकविले, एवढीच माझी विद्या. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. या विषयावरील जे शास्त्रीय निष्कर्ष मी सांगेन ते माझ्या थोरल्या कन्येने, जी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, मला वाचून व समजावून दिलेले आहेत. बाकीचे सर्व माझ्या अंगावरून गेलेले आहे.

२०१७ साली माझे वजन १२८ किलो होते आणि उंची पाच फूट सहा इंच. मधुमेह ११ वर्षांचा जुना. रात्री घोरण्यामुळे सौभाग्यवती शेजारच्या खोलीत निजत असे, आणि मध्येच माझा श्वास अडकला की उठून येऊन मला हलवीत असे. त्या वर्षी वर्गातील दुसरी खुर्ची माझ्याखाली मोडली. मुले हसली नाहीत. पहिल्या खेपेस हसली होती. दुसऱ्या खेपेस त्यांना माझी कीव आली असावी, आणि तेच मला अधिक लागले. त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यास जाऊन मी शस्त्रक्रिया करून घेतली.

तिला स्लीव्ह शस्त्रक्रिया म्हणतात. पोटाला चार-पाच लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्याला पुढे नेऊन जोडतात. हा दुसरा प्रकार जुना आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन व डॉ. चिकाशी इतो यांनी १९६६ साली तो प्रथम केला. कोणास कोणती शस्त्रक्रिया योग्य, हा निर्णय सर्वस्वी शल्यचिकित्सकाचा.

पहिले दीड वर्ष म्हणजे केवळ उताराचा रस्ता. दोन चमचे वरण खाल्ले की पोट भरे. भूक म्हणून जी वस्तू ५७ वर्षे माझ्या मानगुटीवर बसलेली होती, ती कोठे गेली कळेना. शिंप्याने माझे सदरे तीन वेळा आत घेतले, आणि चौथ्या वेळी 'गुरुजी, आता नवेच शिवा' असे सांगितले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. २०१८ च्या अखेरीस वजन ८४ किलोवर आले. ४४ किलो उतरले. म्हणजे पाचवीतला एक धष्टपुष्ट विद्यार्थी मी खांद्यावरून खाली ठेवला होता. त्याच वर्षी मी सेवानिवृत्त झालो. निरोपसमारंभात माझ्या सडसडीतपणाची जी स्तुती झाली ती मी निमूटपणे ऐकून घेतली, कारण तोपर्यंत मी एक असत्य बोलून चुकलो होतो.

पित्ताशयाचे ऑपरेशन झाले असे मी सर्वांस सांगितले होते. शाळेत, शेजारी, पाहुण्यांत, सख्ख्या बहिणीसदेखील. खरे सांगण्याची लाज वाटली. 'गुरुजींना तोंडावर ताबा ठेवता आला नाही म्हणून पोट कापून घेतले' असे लोक म्हणतील ही भीती. जन्मभर मुलांना संयमाचे धडे देणाऱ्या मनुष्यास ही भीती जरा जास्तच असते.

या असत्याचे पहिले फळ पंगतीत मिळाले. आपल्या ज्ञातीत आग्रहाची परंपरा किती मोठी आहे हे आपणास सांगावयास नको. एका लग्नात व्याह्यांकडील एक वडीलधाऱ्या बाई पोळीचे ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दाजी, एवढीशीच पोळी? आमच्या घरचं अन्न गोड लागंना व्हय?" पित्ताशय काढलेला मनुष्य दोन वर्षांनंतर पोळी नाकारावयास कोणते कारण सांगणार? मी खाल्ली. दुसरीही खाल्ली. मग मंडपाच्या मागे, जेथे आचारी भांडी घासत होते तेथे जाऊन, सर्व ओकून टाकले. हे एकदा नव्हे, चार-पाच समारंभांत घडले.

दुसरे फळ याहून वाईट, कारण त्याचा त्रास झाला नाही. मला हळूहळू कळून आले की या अरुंद नळीतून काही पदार्थ अडतात आणि काही पदार्थ विनासायास निसटून जातात. बाजरीची भाकरी अडते. मटकीची उसळ अडते, उकडलेले अंडे अडते. चार घासांत छाती भरल्यासारखी होते. परंतु चहात बुडवलेले बिस्किट अडत नाही. श्रीखंड अडत नाही. आईस्क्रीम, उसाचा रस, खीर, मऊ शिरा, यांतील काहीच अडत नाही. चिवडा व फरसाण मूठ-मूठ करून दिवसभर खाल्ले तर तेही चालते. ज्या अन्नात सत्त्व आहे ते शस्त्रक्रिया थोपविते, आणि ज्यात नुसती साखर व तूप आहे त्यास ती वाट देते. मी समारंभांत आग्रह टाळण्यासाठी पोळीऐवजी श्रीखंडाची वाटी पुढे करू लागलो. यजमान संतुष्ट, मी संतुष्ट. घरीही तीच सवय लागली. २०२० साली टाळेबंदी आली, घराबाहेर पाऊल टाकणे बंद झाले, आणि दुपारच्या चहाबरोबर बिस्किटांचा अख्खा पुडा केव्हा संपे हे मला कळेना. एका वेळी दोनच खात होतो, ही माझी समजूत.

वजन ८४ चे ८७ झाले, ९२ झाले. २०२१ च्या डिसेंबरात काट्यावर ९९ आकडा पाहिला आणि काटा पलंगाखाली सरकवून दिला.

या काळात मी तपासणीस गेलो नाही. पहिले वर्षभर रुग्णालयातून दूरध्वनी येत असे, पुढे तो येईनासा झाला. परंतु दोष त्यांच्यावर लोटण्यात अर्थ नाही, कारण 'दर वर्षी एकदा, आयुष्यभर' असे मला दिलेल्या कागदावर ठळक छापलेले होते आणि तो कागद माझ्याच कपाटात होता. डॉक्टरांपुढे वाढलेले वजन घेऊन कसे उभे राहावे, या संकोचाने मी गेलो नाही. परीक्षेच्या दिवशी पोटदुखीचे निमित्त करून गैरहजर राहणाऱ्या किती मुलांना मी ३९ वर्षांत रागे भरलो असेन! त्यांतील एकाने तरी मला त्या काळात पाहावयास हवे होते. वजन परत येऊ लागले म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्याही सोडल्या. मनात असा विचार, की शस्त्रक्रिया फसलीच आहे, तर मग गोळ्या कशाला.

२०२२ च्या उन्हाळ्यात पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री तळपाय जळत. वय झाले, जुना मधुमेह आहे, असे मी धरून चाललो. एके दिवशी बाजारातून परत आल्यावर सौभाग्यवती दारातच म्हणाली, "अहो, डाव्या पायातली चप्पल कुठाय?" मी खाली पाहिले. चप्पल नव्हती. ती कोठे निसटली, किती अंतर मी अनवाणी पायाने चाललो, मला काही जाणवले नव्हते.

रक्त तपासले तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व तळास गेलेले आढळले. याचे कारण मला त्या वेळी समजले ते आपणासही ठाऊक असावे. हे जीवनसत्त्व मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते, आणि ते आतड्यात शोषले जावे यासाठी जठरात तयार होणारे एक विशिष्ट द्रव्य लागते. जठरच बहुतांशी काढलेले, तर ते द्रव्य कमी. त्यातून मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेतल्यानेही बी-१२ घटते, आणि ते मी पूर्वी घेतलेले. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षी काहीच बिघडल्याचे दिसत नाही. साठा सरला की मग मज्जातंतूंवर घाव पडतो. म्हणजे ज्या सुमारास मनुष्य तपासणी सोडून देतो, त्याच सुमारास तिची खरी गरज लागते. मला इंजेक्शने सुरू झाली. जळजळ गेली, तोल सुधारला. परंतु डाव्या पायाची दोन बोटे आजही बधिर आहेत, आणि ती आता तशीच राहतील असे डॉक्टर म्हणतात.

त्याच दिवाळीत मी बहिणीला भाऊबिजेच्या पाटावर बसून खरे काय ते सांगितले. ती रागावली. पाच वर्षे मी तुला आग्रह करकरून वाढीत राहिले आणि तू ओकत राहिलास, असे म्हणून रडलीही.

आता थोडे शास्त्र. ते मी आवर्जून सांगतो, कारण वजन परत येऊ लागले की मनुष्य स्वतःस व घरचे लोक त्यास जे दूषण देतात, ते या माहितीने पुष्कळसे निवळते.

अमेरिकेतील यूटा राज्यात बायपास केलेल्या रुग्णांवर १२ वर्षे लक्ष ठेवून त्याचा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या अखेरीस सरासरी घट ४५ किलो होती. सहा वर्षांच्या अखेरीस ती सुमारे ३६ उरली, आणि बारा वर्षांनी ३५. हे गणित मी वर्गात घालतो तसे आपणापुढे घालतो. ४५ पैकी १० किलो परत आले. त्यांतील सुमारे ९ दुसऱ्या ते सहाव्या वर्षांच्या दरम्यान आले, आणि पुढील सहा वर्षांत जेमतेम एक. तेव्हा सांभाळण्याची वर्षे कोणती, हे आकडेच सांगतात. फिनलंडमध्ये २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून कोणास स्लीव्ह व कोणास बायपास केली, आणि दहा वर्षांनी पाहिले. जे वजन अतिरिक्त होते, त्याच्यापैकी स्लीव्हवाल्यांचे सुमारे ४३ टक्के व बायपासवाल्यांचे सुमारे ५१ टक्के तोवर उतरलेले राहिले होते. हा वृत्तांत २०२२ चा. स्लीव्हवाल्यांत अन्ननलिकेचा दाह पुष्कळ अधिक आढळला हेही त्यात आहे. म्हणून माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षांची छातीतील जळजळ 'पित्त झाले' म्हणून सोड्यावर भागवू नये.

थोडे वजन परत येणे हा त्या व्याधीचाच एक भाग आहे, असा याचा अर्थ. आपले शरीर उतरलेल्या वजनास चोरी झाली असे समजते आणि ते परत मिळविण्याच्या खटपटीस लागते. १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा व केंजी कांगावा यांनी जठरात तयार होणारे घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक शोधून काढले. नुसत्या पथ्याने वजन उतरविले तर हे संप्रेरक वाढते आणि भूक खवळते. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात त्यातच ते मुख्यत्वे तयार होते, म्हणून आरंभी भूक जणू नाहीशी होते. परंतु शरीराकडे हे एकच हत्यार नाही. वजन उतरले की विश्रांतीत खर्च होणारी शक्तीही घटते. मी ८४ किलोचा झाल्यावर मला १२८ किलोच्या माणसाचे जेवण तर नकोच, पण जन्मतः सडपातळ असलेल्या ८४ किलोच्या माणसाएवढेही कदाचित चालणार नव्हते. त्यात ती नळीही कालांतराने थोडी सैल होते.

इतके असूनही शस्त्रक्रिया व्यर्थ गेली असे कोणी म्हणू नये. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर स्थूल व्यक्तींचा पाठपुरावा झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचेही काही वजन परत आले, तरी शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यू कमी झाले. मला स्वतःला विचाराल तर सौभाग्यवती आता माझ्याच खोलीत निजते, एवढा पुरावा पुरे आहे.

आता मी काय करतो ते सांगतो. माझ्याने होते तेच सर्वांनी करावे असा हट्ट नाही.

मी दर रविवारी सकाळी, तोंड धुऊन झाल्यावर, वजन करतो आणि ते हजेरीपटासारख्या एका वहीत लिहितो. रोज करीत नाही, कारण रोजच्या अर्ध्या किलोच्या चढउतारात पाणी व मीठ यांचा खेळ असतो आणि मन उगाच खाली-वर होते. ठरविलेल्या आकड्यापेक्षा तीन किलो अधिक भरले की डॉक्टरांकडे जावयाचे, पंधरा भरण्याची वाट पाहावयाची नाही, असे मला बजावलेले आहे. वजन कमी असताना वही लिहिणे सोपे असते. वाढलेला आकडा शाईने लिहावयास हात जड होतो, पण लिहितो.

जेवताना प्रथम प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगतात. हे किती अवघड आहे ते हिशेब केल्यावर कळते. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरातून सुमारे १८, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, पेलाभर दुधातून तितकेच. एवढे करूनही आपण ४५ पर्यंतच येतो. उरलेल्यासाठी मी मूठभर सोयाबीनच्या वड्या भिजवून भाजीत घालतो. जे अंडे खात नाहीत त्यांनी तर हा हिशेब कागदावरच मांडावा. पाणी जेवणाबरोबर पीत नाही, अर्ध्या तासाने पितो. घासाबरोबर पाणी घेतले की अन्न लवकर खाली सरकते व पुन्हा भूक लागते. चहा राहिला आहे, बिस्किट घरात येत नाही. नातवंडे येतात तेव्हा ती त्यांची बिस्किटे आपल्या पिशवीतून आणतात व पिशवीतून नेतात. यावरून सूनबाईंशी एकदा शब्दाला शब्द झाला, ते असो.

चालणे तर आहेच. परंतु वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत, हे मला फार उशिरा कळले. आता एक दिवसाआड खुर्चीवरून हाताचा आधार न घेता वीस वेळा उठबस, आणि दोन्ही हातांत पाण्याची भरलेली बाटली घेऊन वर-खाली. आमच्या गल्लीतील मुले याची नक्कल करतात.

मद्याविषयी एक वाक्य सांगतो, जरी या सभागृहात ते कोणास लागू नाही असे आपण सर्वजण धरून चालतो. विशेषतः बायपासनंतर मद्य रक्तात फार लवकर चढते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी व्यसनात सापडणाऱ्यांची संख्या वाढल्याचे अमेरिकेतील २०१२ च्या एका मोठ्या पाहणीत दिसले.

या सर्व खटपटीने तीन वर्षांत ९९ चे ९० झाले. ८४ परत दिसतील असे वाटत नाही, आणि माझे डॉक्टर त्याची अपेक्षाही करीत नाहीत. मधुमेहाची एक गोळी पुन्हा चालू आहे.

नव्या इंजेक्शनांविषयी आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तिर्झेपेटाइड २०२५ च्या मार्चमध्ये व वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारतात विक्रीस आले. शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती काहींना देतात. ती थांबविल्यावर काय होते हेही पाहिले गेले आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असा २०२२ चा निष्कर्ष आहे. तेव्हा येथेही दीर्घकाळची बांधिलकी आलीच. दुकानदाराच्या ओळखीवर कोणी ती घेऊ नयेत.

आता जे बोलावयाचे आहे ते जरा स्पष्ट आहे, त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

माझ्याकडे विचारणा करणाऱ्या पाच कुटुंबांपैकी तिघांनी ती उपवर कन्येसाठी केली. मुलीच्या प्रकृतीसाठी असेल तर अवश्य करावी. किती वजनाला शस्त्रक्रिया योग्य याचे संकेत ठरलेले आहेत, आणि २०२२ साली ते अधिक व्यापक करण्यात आले. परंतु पत्रिका जुळली, आता चार महिन्यांत मुलगी बारीक दिसली पाहिजे, या हिशेबाने जो बाप रुग्णालयाची पायरी चढतो त्यास मी दोन गोष्टी विचारतो. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते, हे तू व्याह्यांस सांगणार आहेस काय? आणि मुलीस लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या आहेत, रक्त दर वर्षी तपासावयाचे आहे, ते ती सासरी लपूनछपून करणार काय? एका बापाने मला उत्तर दिले, की गुरुजी, एकदा लग्न होऊन जाऊ द्या, मग बघू. मी त्या मुलीस पाहिलेले आहे. ती पुढे सासरी कपाटाच्या मागे गोळ्यांची डबी ठेवील, काही महिन्यांनी ती संपेल, आणि नवी आणण्यास निमित्त सापडणार नाही. माझे तर स्वतःचे घर होते, बायको सर्व जाणणारी होती, तरी मला ते जमले नाही.

म्हणून माझी कार्यकारिणीस विनंती आहे, आणि ती मी लेखी अर्जानेही चिटणीसांकडे दिली आहे. पुढील वर्षीच्या संमेलनाच्या भोजनात एक पंगत लहान ताटांची असावी. तीत कोणीही बसावे. का बसलात असे कोणी विचारू नये. तीत वाढपी एकदाच फिरतील आणि आग्रह करणार नाहीत. ताटात वरण, उसळ, कोशिंबीर आधी वाढावी, गोड मागितले तरच द्यावे. अन्नाच्या खर्चात यामुळे वाढ होणार नाही, झाली तर बचतच होईल, असा हिशेब मी अर्जास जोडला आहे. काही ज्येष्ठांनी यावर 'मग ती पंगत कसली' असा अभिप्राय दिल्याचे कानी आले. त्यांना मी एवढेच कळवितो की मंडपामागे भांडी घासण्याच्या जागी मी जी पंगत बसविली, तिच्यापेक्षा ही बरी दिसेल.

दुसरे असे की, आपल्यापैकी ज्यांनी ही शस्त्रक्रिया केलेली आहे, आणि असे निदान चारजण या सभागृहात आहेत हे मला ठाऊक आहे, त्यांच्याकडे मी मुळीच पाहत नाही. त्यांनी घाबरू नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी घरी असतो. पलंगाखालचा तो काटा आता ओसरीवर ठेवलेला आहे. पत्ता मंडळाच्या कार्यालयात मिळेल. वजन कितीही असो, येताना शेवटच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन यावे. आणि तो तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर सोमवारी तपासणीस आपण दोघे मिळून जाऊ. चहा मिळेल, बिस्किट मिळणार नाही.